भाताच्या मुलखातली पारी

आमच्या किन्हवलीकडे दिवाळी आणि भाताची कापणी एकाच वेळी अंगावर येतात. आश्विनाच्या अखेरीस हळवं भात पिवळं पडलेलं असतं, परतीच्या पावसाची धास्ती असते, मजूर मिळत नाहीत. दिवसभर शेतात विळा चालवून आलेल्या बाया रात्री जेवणं उरकली की परात पुढे ओढतात आणि करंजीचं पीठ मळायला बसतात. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात लहानाचा मोठा झालेल्या कुणालाही हे इतकं परिचयाचं आहे, की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटत नाही. मलाही पन्नाशी गाठेपर्यंत वाटलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या एका घरगुती कार्यक्रमात आपल्या भागातल्या सणांविषयी बोलायला मला बोलावलं होतं. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आमचं किराणा मालाचं लहानसं दुकान होतं. गल्ल्यावर बसून मिळेल ते वाचलं, म्हाताऱ्या माणसांना विचारत राहिलो, तेवढीच माझी पुंजी. त्या दिवशी मी ठोकून दिलं, की करंजी ही आपल्या गावची शेकडो वर्षांची परंपरा आहे. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर आमच्या आळीतल्या, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी काठी टेकत जवळ आल्या आणि म्हणाल्या, “बाबा, तुमचं दुकान होतं, तुमच्याकडं असेल शेकडो वर्षांची. आमच्या घरात करंजी कंट्रोलच्या साखरेबरोबर आली. त्याआधी दिवाळीला आम्ही तांदळाचंच काय ते करायचो.”

मला उत्तर सुचलं नाही. ज्या गावाच्या शिवारात गव्हाची ओंबी शोधावी लागते, त्या गावाच्या सगळ्यात मोठ्या सणाचं पक्वान्न गव्हाच्या आवरणाचं कसं, हा साधा प्रश्न मी स्वतःला कधी घातलाच नव्हता. करंजीच्या सारणावर सगळे बोलतात: खोबरं किसून भाजायचं की नाही, खसखस किती, पिठीसाखर की गूळ. मला त्या दिवसापासून पारीनं धरलं. हा लेख त्या पारीचा आहे.

मोहन, साटा, मुरड

पारी म्हणजे सारणाभोवतीचं आवरण. ती करण्याची रीत घरोघरी थोडीफार वेगळी असली तरी तिच्यातलं मर्म एकच आहे. रवा, मैदा किंवा दोन्ही मिळून घ्यायचं, चिमूटभर मीठ घालायचं आणि त्यावर कडकडीत तापवलेलं तूप किंवा तेल ओतायचं. हे मोहन. ते पिठाला हातानं नीट चोळायचं. मोहन पुरेसं झालं की नाही हे वाटीवरून ठरत नाही. पीठ मुठीत दाबल्यावर मूठ वळली पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर ती फुटली पाहिजे. मग दुधानं किंवा दूध-पाण्यानं घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचं. रवा असेल तर नंतर ते पीठ पाट्यावर किंवा खलात कुटून मऊ करायचं.

यामागचं कारण सोपं आहे. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून मळलं, की त्यातल्या प्रथिनांची ग्लुटेन नावाची चिवट जाळी तयार होते. तिच्यामुळे पोळी लाटता येते, ताणता येते. पण हीच जाळी तळल्यावर पारी वातड करते. पाणी पोहोचण्याआधी पिठाच्या कणांना तूप माखलं, तर ही जाळी लांबलचक न होता तुटक राहते आणि पारी खुसखुशीत होते. विलायती पाय करणारी बाईही नेमकं हेच करते. पाय म्हणजे फळांचं किंवा मांसाचं सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. त्याच्या आवरणात घातल्या जाणाऱ्या स्निग्ध पदार्थाला इंग्रजीत ‘शॉर्टनिंग’ म्हणतात. पिठाचे धागे आखूड करणारं ते शॉर्टनिंग. आपण त्याला मोहन म्हणतो. काम एकच.

फरक पडतो तो हवेमुळे. थंड देशातली बाई लोणी गार ठेवते, त्याचे बारीक तुकडे पिठात तसेच राहू देते, पाणीही बर्फासारखं गार घालते. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते, लोणी वितळून जागा सोडतं आणि आवरणाला पदर सुटतात. आमच्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात लोण्याचा तुकडा तुकडा म्हणून टिकणार नाही. तूप तर तिशीच्या आसपासच्या तापमानालाच पातळ व्हायला लागतं. वितळलेलं तूप दोन पोळ्यांमध्ये घातलं तर लाटताना ते कडेनं वाहून तरी जाईल, नाहीतर पिठात मुरून जाईल. मग पदर कुठून येणार?

यावर आपल्या बायकांनी काढलेला तोड म्हणजे साटा. तूप हातानं फेटून पांढरं, हलकं करायचं आणि त्यात तांदळाचं पीठ मिसळून मलमासारखं दाट करायचं. तांदळाच्या पिठात ग्लुटेन होत नाही. ते तूप धरून ठेवतं, पण पोळीला चिकटून एकजीव होत नाही. पातळ लाटलेल्या पोळीवर साटा लावायचा, वर दुसरी पोळी, पुन्हा साटा, तिसरी पोळी; मग घट्ट गुंडाळी करून तिच्या लाट्या कापायच्या आणि पदर वर दिसतील अशा बेताने हलक्या हातानं लाटायच्या. तळताना पदर एकमेकांपासून सुटतात. चिरोटे याच युक्तीवर उभे आहेत आणि साट्याची करंजीसुद्धा. आपण चहात बुडवून खातो ती बेकरीची खारी याच कुळातली, फक्त ती भट्टीतली. थंड देशात जे काम हवेतला गारवा करतो, ते आपल्याकडे मूठभर तांदळाचं पीठ करतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी. शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

शेवटची क्रिया मुरड. पारीत सारण भरून दुमडायची, कडा चिकटवायच्या, कातण्यानं कापायच्या किंवा बोटांनी नागमोडी घड्या घालत मिटवायच्या. दिसायला नक्षी, पण ती कुलूप असते. कुलूप ढिलं राहिलं तर सारण तेलात जातं आणि सगळं तेल काळं होतं. भाद्रपदात गौरींना निरोप देताना मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य दाखवतात. जाणारीनं मुरडून पुन्हा घरी यावं, असा त्यामागचा भाव.

राजाच्या मुदपाकखान्यात

गव्हाच्या पिठाला तूप माखण्याचा जुना आणि तपशीलवार पुरावा आपल्या शेजारच्याच राजदरबारातला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचा काळ इसवी सन ११३० च्या आगेमागे. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण. आमच्या लोकलच्या वाटेवरचं कल्याण नव्हे. सुरुवातीला मीही ही गफलत केली होती.

राजाच्या भोजनाविषयीच्या भागात मांडे करण्याची कृती आहे. गहू धुवावेत, उन्हात वाळवावेत, जात्यावर बारीक दळावेत, चाळून कोंडा काढावा. त्या पिठात थोडं तूप व मीठ घालावं, दूध-पाण्यानं मळावं. मोठ्या लाकडी परातीत हातानं आपटून मळत राहावं, ते चिकण झालं की गोळे करावेत. तुपाच्या हातानं, वर तांदळाची पिठी लावत, गोळे हातावरच पसरत न्यावेत आणि तापलेल्या खापरावर टाकावेत. साडेआठ-नऊशे वर्षांपूर्वीची ही कृती वाचताना मला आपल्या परातीतली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटली: चाळलेलं पीठ, तुपाचं बोट, दूध-पाणी आणि वरून लावायची तांदळाची पिठी.

यावरून करंजी तेव्हापासून आहे असं मी म्हणणार नाही. मांडा खापरावर भाजतात, करंजी तळतात. दोन्ही वेगळे पदार्थ. पण पारीचं जे ज्ञान आहे, म्हणजे पिठाला तूप माखणं, मळून चिकण करणं आणि तांदळाच्या पिठीनं कोरडं राखणं, ते त्या काळी दख्खनेत पक्कं होतं एवढं नक्की. आणि ते कुठे नोंदलं गेलं तेही पाहावं: राजाच्या मुदपाकखान्यात. बारीक चाळलेला गहू आणि तूप या दोन्ही गोष्टी ज्याच्या घरी होत्या, त्याच्या घरी पारी होती. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईनं मांडे भाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतही मांडे हे रोजचं जेवण नाही. भावाला मांडे खावेसे वाटले, म्हणून तर एवढं रामायण घडतं.

आमचं आवरण उकडीचं

मग आमच्या आजी म्हणाल्या ते ‘तांदळाचंच काय ते’ म्हणजे काय?

१८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात या जिल्ह्याचं मुख्य पीक म्हणून भाताचंच वर्णन आहे. माळावर, डोंगरउतारावर नागली आणि वरी. जे पिकतं त्याचंच पक्वान्न होणार. तांदळाचं आवरण करायचं तर गव्हाची युक्ती चालत नाही. गार पाण्यात भिजवलेलं तांदळाचं पीठ लाटायला गेलं की चिरा पडतात, कारण त्याला धरून ठेवणारी जाळीच नाही. म्हणून त्याची उकड काढावी लागते. उकळत्या पाण्यात पीठ घातलं की तांदळातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पिठाला बांधतो. मोदकाची पारी ती हीच. हळदीच्या पानात थापलेले पातोळे, केळीच्या पानातली पानगी, हे सगळे याच घराण्यातले. वाघबारस पाळणाऱ्या आमच्या आदिवासी पाड्यांवरही नव्या तांदळाचं पीठ आणि काकडी पानात गुंडाळून उकडायची चाल आहे. घरातला तांदूळ, बांधावरची काकडी, रानातलं पान. तुपाचा थेंब लागत नाही, तळणीचं तेल लागत नाही.

दोन्ही आवरणांत कौशल्य आहे. उकडीची पारी बोटांच्या चिमटीत पातळ करत नेणं हे मैद्याची पुरी लाटण्यापेक्षा कठीण आहे, हे दोन्ही करणारी कुणीही सांगेल. पण उकडीचा पदार्थ दुसऱ्या दिवशी वातड होतो, तिसऱ्या दिवशी आंबतो. तळलेली गव्हाची पारी कोरडं सारण पोटात घेऊन पंधरा दिवस सहज राहते. ती डब्यात भरता येते, लेकीच्या घरी पाठवता येते, पाव्हण्यापुढे ठेवता येते. युरोपातही मध्ययुगात पायचं आवरण म्हणजे मुख्यतः सारण टिकवायची आणि न्यायची पेटीच होती. पीठ जाड आणि कडक, कैकदा ते खातही नसत. पुढे त्यात लोणी-चरबी पडत गेली आणि पेटी स्वतःच खाण्याजोगी झाली. आपल्याकडेही गव्हाच्या पारीचा मोठा गुण टिकाऊपणा हाच होता. सणाचा फराळ आठ-दहा दिवस पुरवायचा असेल, तर उकडीला तिथे जागा नव्हती.

घाट उतरून आलेला गहू

गहू आमच्याकडे वरून आला, म्हणजे घाटावरून. मुरबाडच्या वैशाखरे गावावरून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळापासून जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारा मार्ग. तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून ओळखला जातो. शहापूरच्या बाजूला थळघाट. बैलांच्या पाठीवरून देशावरचं धान्य खाली यायचं, खालचं मीठ, नारळ, भात वर जायचं. बैलाच्या पाठीवर आलेला गहू स्वस्त असणं शक्य नव्हतं.

मग रेल्वे आली. ठाण्यापर्यंत १८५३, कल्याण १८५४, वासिंद १८५५, कसारा १८६१. आणि थळघाट फोडून गाडी १८६५ मध्ये इगतपुरीला पोहोचली. त्यानंतर नाशिक-खानदेशापासून पुढचा गहू डब्यात भरून सरळ खाली येऊ लागला. आसनगाव-आटगावच्या स्टेशनांवरून बैलगाडीनं शहापूर, तिथून किन्हवली. तरी आलेल्या गव्हाचा लगेच करंजीचा रवा होत नसे. मधे जातं होतं.

जात्यावर सपीट काढायची रीत माझ्या आजीनं मला सांगितली होती. गहू धुऊन ओल्या फडक्यात बांधून रात्रभर ठेवायचा. ओलाव्यानं कोंडा लवचीक होतो आणि दळताना त्याचा चुरा न होता पापुद्रा सुटतो. मग बेतानं दळायचं, चाळायचं. जाडसर भाग रवा, उरलेलं वस्त्रगाळ केलं की सपीट. आधुनिक रोलर मिलमध्येही दळण्याआधी गव्हाला पाणी दाखवतात, ते याच कारणासाठी.

गेल्या वर्षी मी हट्टानं हे करून पाहिलं. माळ्यावरचं जातं खाली काढलं. दोघांनी मिळून सकाळी दळायला घेतलं. किलोभर सपीट हातात पडेपर्यंत दुपार टळली आणि माझे खांदे भरून आले. पीठ पांढरं नव्हतं, सायीच्या रंगाचं होतं. पहिल्या घाण्यात मी मोहन जास्त घातलं आणि अनारसा हसतो तशी करंजी तेलात हसली. दुसरा घाणा जमला. चवीला ती पारी फार सुरेख होती, पण मला उमजलं ते वेगळंच. भात कापणीच्या दिवसांत ज्या बाईला हे सगळं करायला वेळ होता, तिच्या शेतात दुसरं कुणी तरी कापणी करत होतं.

छापील पुस्तकं पाहिली तर हेच दिसतं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ आलं. पाकक्रियेचं पुस्तक विकत घेऊन वाचणारं घर कोणतं, हे निराळं सांगायला नको. आमच्या आळीतल्या आजींचं घर त्या पुस्तकांच्या बाहेर होतं.

पिवळा डबा आणि कंट्रोल

पारी त्यांच्या घरात शिरली ती तीन वाटांनी, आणि तिन्ही वाटा कारखान्यातून निघालेल्या होत्या.

पहिली मैद्याची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलादी रोलरांच्या गिरण्या आल्या. पुढे ते तंत्र आपल्याकडेही रुजलं. जात्यावर दिवसभर खपून जे सपीट निघायचं, त्याहून पांढरं, बारीक पीठ पोत्यानं मिळू लागलं.

दुसरी वाट वनस्पती तुपाची. हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १९३१ मध्ये स्थापन झाली, शिवडीला तिचा कारखाना उभा राहिला, आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलेलं. आमच्या हवेतही ते गोठलेलं राहतं. साट्याला याहून सोयीचं काय? घरच्या तुपाच्या साट्याला जी धाकधूक, ती डालड्याच्या साट्याला नव्हती. शिवाय किंमत तुपाच्या मानानं कमी. या वनस्पती तुपाविरुद्ध स्वातंत्र्याच्या आगेमागे मोठं वादळ उठलं होतं. ते साजूक तुपात भेसळ म्हणून खपवलं जाई. म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलाला साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या चाचणीत गुलाबी रंग येतो. तुपात वनस्पती असलं की ते पकडलं जाई. आमच्या दुकानात मात्र कुणी चाचणी मागितली नाही. रिकामा डबा आधीच सांगून ठेवलेला असे. कुणाच्या दारात त्यात तुळस लागे, कुणाकडे तो तांदूळ मोजायचं माप होई.

तिसरी वाट कंट्रोलची, आणि आजींच्या बोलण्यातली तीच. दुसऱ्या महायुद्धात जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. भात खाणाऱ्यांनाही गहू पदरात घ्यावा लागला. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणं कधी उठली, कधी पुन्हा आली, पण ‘कंट्रोल’ हा शब्द खेड्यात कायमचा राहिला. आजही आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात. १९५६ मध्ये भारतानं अमेरिकेशी पीएल ४८० खालचा पहिला करार केला आणि अमेरिकेचा गहू जहाजांनी मुंबई बंदरात उतरू लागला. १९७२ च्या दुष्काळात मिलो आला, त्याची आठवण अजून लोक तोंड वाकडं करून काढतात. पण सणाच्या महिन्यात कार्डावर मिळणारी साखर, रवा, मैदा यांची आठवण निराळी आहे. कार्ड घेऊन रांगेत उभं राहिलं की साखर मिळते, आणि साखर मिळाली की करंजी करता येते. जी गोष्ट आजवर वरच्या आळीतल्या घरांतून वास येण्यापुरती होती, ती आपल्या चुलीवर चढली.

‘करंजी कंट्रोलच्या साखरेबरोबर आली’ या वाक्यात मला आधी फक्त माझी चूक ऐकू आली होती. पुन्हा जाऊन बसलो तेव्हा त्यातला अभिमान ऐकू आला. आजी म्हणाल्या, “पहिल्या वर्षी आम्हांला कुठं येत होती? कडा फुटल्या, सारण तेलात गेलं. सासू रागावली नाही. म्हणाली, पुढच्या वर्षी येईल.” ‘पुढच्या वर्षी’ या शब्दांना त्या घरात तोवर फारसा भरवसा नव्हता.

साट्यातला तांदूळ

पारीचा हा प्रवास पाहिल्यावर एक अवघड प्रश्न समोर येतो. गहू बाहेरचा, मैदा गिरणीचा, तूप शिवडीच्या कारखान्यातलं, साखर कार्डावरची. मग या करंजीत ‘घरचं’ काय होतं?

मी हा प्रश्न आजींना विचारला. त्यांना तो बहुधा खुळचट वाटला असावा. त्या म्हणाल्या, “साटा घरचा नाय का?”

साट्यात तांदळाचं पीठ सगळा महाराष्ट्रच घालतो. तो काही किन्हवलीचा शोध नाही. पण आमच्याकडे ते पीठ त्याच आठवड्यात कापून झोडलेल्या, सडलेल्या भाताचं असायचं. नव्या तांदळाची पहिली मूठ देवाला, दुसरी साट्याला, असं त्या म्हणाल्या. गव्हाच्या तीन पोळ्या बाहेरून आलेल्या आणि त्यांच्यामध्ये पदर सोडवणारं पीठ आपल्या खाचरातलं. उकडीच्या पारीचा तांदूळ गव्हाच्या पारीला जागा देऊन गेला नाही. तिच्या पोटात शिरून बसला.

आणि हात घरचे होते. करंजी एकटीनं होत नाही. एक लाटते, एक भरते, एक मुरड घालते, एक तळते. लाटलेली पारी सुकली की फुटते, म्हणून सगळ्यांचा वेग जुळावा लागतो. कापणीच्या दिवसांत शेतावर जी पडजीई चालते, आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, तीच रात्री चुलीपुढे चाले. आज या घरच्या करंज्या, उद्या त्या घरच्या. आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन बाया जात. कातणं आळीत एखादंच असायचं आणि ते रात्रभर फिरायचं. ज्यांच्याकडे ते पोहोचत नसे, त्या मुरड घालायला शिकल्या. सर्वांत देखणी मुरड घालणाऱ्या बाईकडे कातणं नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

१९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि लग्नात भेट म्हणून घराघरांत गेलं. वाटी-चमच्याचं माप हाताशी आल्यानं पुष्कळ सुना सासूच्या ओरड्यातून सुटल्या, हे मान्य केलं पाहिजे. पण आळीतलं ज्ञान मापात नव्हतं. यंदाचा रवा जाड आहे, यंदा हवेत दमट आहे, पीठ थोडं आणखी मुरू दे, हे त्या पिठावर हात ठेवून सांगत.

आजचा पुडा

ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं दिवाळीसाठी ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. २०२३ च्या दिवाळीत त्यात अर्धा किलो मैदाही आला. मी तो पुडा हातात घेऊन बराच वेळ पाहत होतो. राजाच्या मुदपाकखान्यातून निघालेली पारी शिधापत्रिकेच्या पिशवीत येऊन पोहोचली होती. त्या पिशवीवर राजकारण झालं, ते आपल्या विषयाचं नाही. पण एखादं सरकार दिवाळीला मैदा वाटतं, म्हणजे करंजी हा आता गरिबाचाही हक्क आहे असं समाजानं मानलेलं असतं. ही छोटी गोष्ट नाही.

दुसऱ्या बाजूला करंजी घराबाहेर जायला लागली आहे. शहापूर, मुरबाड, कल्याणला तयार फराळ किलोवर मिळतो. त्यातला बराचसा बचत गटांतल्या बाया करतात, आणि परदेशातल्या मुलांसाठी डबे भरून दिवाळीच्या आधीच पार्सलनं जातात. पूर्वी रात्री बिनपैशानं होणारं हे काम आता दिवसा होतं आणि त्याचे पैसे हातात पडतात. मला यात हळहळण्यासारखं फारसं दिसत नाही. ज्या पिढीनं विळा आणि लाटणं एकाच दिवशी चालवलं, तिच्या लेकींनी एक तरी खाली ठेवावं हे रास्तच आहे. डालड्याची सद्दीही संपत आली. घट्ट केलेल्या तेलातलं ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरतं, म्हणून जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. साट्यात तांदळाच्या पिठाऐवजी आता सर्रास कॉर्नफ्लोअर दिसतं. पदर त्यानंही सुटतात.

मला काळजी आहे ती एवढीच, की मोहनाची मूठ ओळखणारे हात या सगळ्यात नोंदले न जाताच उठून जातील. राजाच्या मांड्यांची कृती साडेआठशे वर्षं टिकली, कारण ती कुणी तरी लिहून ठेवली. कंट्रोलच्या साखरेची पहिली करंजी कुणी लिहिली नाही. परंपरा म्हटलं की आपण मागे मागे जाऊन राजा शोधतो. मीही तेच केलं होतं. आमच्या गावात करंजीचं वय सरसकट शेकडो वर्षांचं नाही. कुठल्या घरात ती किती जुनी, हे त्या घरात गहू, तूप आणि फुरसत कधी आली यावर ठरतं. एका आळीत तिची तीन-चार वयं आहेत, आणि काही पाड्यांवर ती अजून पोरसवदा आहे.

गेल्या दिवाळीत जात्यावरच्या सपिटाच्या त्या करंज्या घेऊन मी आजींकडे गेलो. त्यांनी एक मोडली, पदर बोटानं वेगळे करून पाहिले, थोडी खाल्ली.

“साट्याला तांदूळ कुठला?”

मी दुकानातल्या पुड्याचं नाव सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि यंदाच्या भाताचं पीठ एका जुन्या पिवळ्या डब्यातून काढून पुडीत बांधून दिलं. डब्यावरचं झाड पार पुसून गेलं होतं.